कॅम्पसवरचा फॅशन शो आणि बाहेरच्या भेटी : विद्यार्थ्यांना हा उद्योग खरोखर कसा दाखवावा?

चांदणवेल

मी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या फॅशन मंडळाच्या संयोजनाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. मंडळात २८ जण आहेत. त्यांतले फॅशन डिझाइन शिकणारे केवळ ९. उरलेले वाणिज्य, रसायनशास्त्र, पत्रकारिता, संगणकशास्त्र अशा शाखांतून आलेले, पण कपड्यांची मनापासून ओढ असलेले विद्यार्थी आहेत. आजवर मंडळाचे सारे वर्ष शेवटच्या सत्रातल्या फॅशन शोभोवती फिरत आले आहे. तीन महिने तालमी, दोन तासांचा कार्यक्रम, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत सामसूम.

गेल्या शोनंतर आवराआवर करताना मी प्रथम वर्षाच्या एका मुलीला सहज विचारले, की या तीन महिन्यांत तू काय शिकलीस. तिने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "चालायला शिकले." ते उत्तर अजून माझ्या मनातून गेलेले नाही, कारण ते खरे होते. ज्या कपड्यांत ती चालली ते कुणी बेतले, ते कापड तसेच का पडते, हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि तिने विचारले असते तर मलाही सांगता आले नसते.

यंदा शोखेरीज तीन बाहेरच्या भेटींची परवानगी मिळाली आहे. या तीन भेटी कुठे द्याव्यात, आणि शो ठेवावा की त्याऐवजी काही वेगळे करावे, याबद्दल या क्षेत्रात काम केलेल्यांचे मत हवे आहे.

मांजरपाट

मी २२ वर्षे पॅटर्न, म्हणजे कपड्याच्या तुकड्यांचे कागदी साचे, बेतण्याचे काम करतो आहे, त्यामुळे माझे उत्तर एकांगी वाटण्याची शक्यता आहे, तरी ते ठामपणे देतो. पहिली भेट पॅटर्नच्या खोलीला द्या. फॅशन उद्योगात कागदावरचे चित्र जिथे पहिल्यांदा शरीराला भिडते ती जागा तीच. डिझायनरने काढलेले चित्र सपाट असते आणि माणूस गोल असतो. या दोहोंमधला तंटा मिटवणे हे आमचे काम. त्यासाठी आधी साध्या मांजरपाटाचा नमुना शिवला जातो, तो अंगावर चढवून टाचण्या लावल्या जातात, पेन्सिलीने खुणा केल्या जातात, पुन्हा उसवून त्या खुणा कागदावर उतरवल्या जातात. एका चांगल्या जाकिटाचा मुंढा बसवायला तीन-तीन, चार-चार वेळा हे करावे लागते. प्रेक्षक जिला "छान बसले आहे" म्हणतात ती गोष्ट म्हणजे हीच सगळी उसवाउसव.

मात्र भेटीआधी कॅम्पसवरच एक तयारी करून घ्या. प्रत्येकाने घरातला एक जुना, टाकाऊ झालेला कॉलरचा शर्ट आणावा, तो शिवणीशिवणीतून पूर्ण उसवावा, तुकडे इस्त्री करून कागदावर आखावेत आणि मोजावेत. दोन पुढचे भाग, एक पाठ, दुहेरी योक (खांद्यावरची पट्टी), दोन बाह्या, कॉलरचे दोन पदर, स्टँडचे (कॉलरखालच्या उभ्या पट्टीचे) दोन, कफांचे चार, बाहीच्या चिरेवरच्या पट्ट्या चार आणि एक खिसा, असे मोजता मोजता २० तुकडे होतात. ज्याने हे स्वतःच्या हाताने एकदा केले आहे, तो पॅटर्नच्या खोलीत आल्यावर नेमके प्रश्न विचारतो. ज्याने केलेले नाही तो आजूबाजूला पाहतो आणि छायाचित्रे काढून परत जातो.

मोरपीस

मांजरपाट यांच्याबद्दल आदर ठेवूनही एका गोष्टीला माझा विरोध नोंदवते. या चर्चेत शो म्हणजे वरवरचा झगमगाट आणि खरे काम दुसरीकडे, असा सूर लागू पाहतो आहे आणि तो अन्यायकारक आहे. कपडा हँगरवर लटकलेला असताना अर्धाच असतो. तो चालताना कसा हलतो, वळताना त्याचा घेर कसा उघडतो, दहाव्या रांगेतून त्याची रेषा दिसते की नाही, हे फक्त शोमध्येच कळते. शो हेही या उद्योगातले एक कामच आहे आणि त्याने अनेकदा उद्योगाची दिशा बदलली आहे.

२८ नोव्हेंबर १९७३ रोजी व्हर्साय राजवाड्यात झालेला कार्यक्रम घ्या. राजवाड्याच्या डागडुजीसाठी निधी उभारण्याचा तो प्रसंग होता. एका बाजूला इव्ह सेंट लॉरां, जिव्हाँशी, पिएर कार्दँ, उंगारो आणि दिओर या फॅशनगृहाचे मार्क बोआं असे पाच फ्रेंच. दुसऱ्या बाजूला बिल ब्लास, स्टीफन बरोज, हॉल्स्टन, अ‍ॅन क्लाइन आणि ऑस्कर दे ला रेंता असे पाच अमेरिकी डिझायनर. फ्रेंच बाजूने अवाढव्य देखावे उभे केले आणि त्यांचा भाग लांबत गेला. अमेरिकी चमूचा मागचा पडदा फूट आणि मीटर यांच्या गोंधळामुळे निरुपयोगी ठरला, म्हणून त्यांना जवळजवळ रिकाम्या रंगमंचावर, संगीताच्या आणि चालीच्या बळावर कार्यक्रम करावा लागला. त्या चमूत कृष्णवर्णीय मॉडेल्सची संख्या त्या काळाच्या मानाने फार मोठी होती आणि त्यांच्या चालीतला मोकळेपणा पाहून प्रेक्षक उभे राहिले. अमेरिकी तयार कपडे पॅरिसच्या तोडीचे मानले जाऊ लागले त्यात त्या एका संध्याकाळचा वाटा मोठा आहे.

म्हणून चांदणवेल, त्या मुलीच्या "चालायला शिकले" या उत्तराची लाज वाटून घेऊ नका. चालणे शिकणे ही छोटी गोष्ट नाही. प्रश्न इतकाच आहे, की चालताना ती आपल्या अंगावरच्या कपड्याकडे लक्ष देत होती का.

पाऊलवाट

मोरपीस यांचे शेवटचे वाक्य मला फार पटले. मी अनेक वर्षे शोच्या पडद्यामागे कपडे चढवणाऱ्यांच्या चमूत काम केले आहे आणि माझ्या मते विद्यार्थ्यांसाठी शिकण्याची सर्वांत दाट जागा तीच आहे.

तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते. प्रत्येक मॉडेलचा स्वतंत्र रॅक असतो आणि त्यावर तिचे पेहराव क्रमाने लावलेले असतात. प्रत्येक पेहरावाला क्रमांक असतो, त्याचे पूर्ण छायाचित्र रॅकला अडकवलेले असते, आणि बूट, पट्टा, दागिने यांची पिशवी त्याच क्रमांकाने बांधलेली असते. भिंतीवर सगळ्या पेहरावांचा क्रम लावलेला मोठा फलक असतो. ज्या मॉडेलला दोनदा जायचे आहे तिला आत आल्यापासून पुन्हा बाहेर पडेपर्यंत काही मिनिटेच मिळतात, आणि तेवढ्यात बटणे कुठे आहेत, चेन (झिप) डाव्या बाजूला आहे की पाठीवर, गळ्यातून घालायचे की पायातून, हे कपडे चढवणाऱ्याला डोळे मिटूनही ठाऊक असावे लागते. डोक्यावरून घालायच्या कपड्याआधी चेहऱ्यावर पातळ कापडी टोपी चढवतात, म्हणजे रंगरंगोटी कपड्याला लागत नाही. उसन्या आणलेल्या बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावतात, म्हणजे ते ओरखड्याविना परत करता येतात. मी ज्या ज्या विद्यार्थ्याला एक पूर्ण दिवस हे काम दिले, त्याला त्या कपड्याची रचना कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगली समजली, कारण घाईत हात चुकला की कपडा स्वतः सांगतो की त्याला कुठून उघडायचे आहे.

तेव्हा शो जरूर ठेवा, पण २८ जणांत कामांची वाटणी अशी करा, की रंगीत तालमीच्या दिवशी प्रत्येकजण एका कामावर आणि प्रत्यक्ष दिवशी दुसऱ्या कामावर असेल. जी मुलगी तालमीत चालली, ती शोच्या दिवशी दुसरीच्या पाठीवरची हुके लावत असेल.

टिपणवही

मी वस्त्रनिर्यातीत मर्चंडायझर आहे, म्हणजे ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळतो. आतापर्यंत बोललेले सर्वजण शोच्या जवळ काम करणारे आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चांदणवेल यांच्या २८ पैकी १९ जण डिझाइनचे विद्यार्थी नाहीत, आणि या उद्योगातली बहुसंख्य कामेही डिझायनरची नाहीत. ऑर्डरचा पाठपुरावा, दर काढणे, कापडाची खरेदी, दर्जाची तपासणी, वेळापत्रक, मालवाहतूक, गोदाम, दुकानातली मांडणी, कायदेशीर करार, संगणकावरचे पॅटर्न या सगळ्यांना माणसे लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक टेक पॅक, म्हणजे कपडा कसा बनवायचा याचा कारखान्यासाठीचा तपशीलवार दस्तऐवज, दाखवा. एका साध्या टी-शर्टचा टेक पॅकसुद्धा कित्येक पानांचा असतो. त्यात प्रत्येक माप, त्या मापात किती मिलीमीटरची कमी-जास्ती चालेल, दोऱ्याचा प्रकार, प्रति सेंटिमीटर टाके, लेबलाची जागा, घडी कशी घालायची, हे सर्व लिहिलेले असते. कागदोपत्री काटेकोर राहण्याची ज्याला हौस आहे त्याला हे जग नक्की आवडते.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तर मी कापड-तपासणीची प्रयोगशाळाच सुचवेन. या उद्योगाचे त्यांच्या विषयाशी जुने नाते आहे. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा क्विनीन तयार करण्याच्या प्रयत्नात होता आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून उभा राहिला. प्रयोगशाळेत त्यांना घासल्यावर रंग उतरतो का, घामाने, धुण्याने, उन्हाने तो किती फिका पडतो, हे मोजताना पाहता येईल. विशेषतः प्रकाशपेटी पाहायला सांगा. एकाच रंगाचे वाटणारे दोन तुकडे दिवसाच्या उजेडात जुळतात आणि दुकानातल्या दिव्याखाली वेगळे दिसतात, हा अनुभव एकदा घेतला की "काळा म्हणजे काळा" असे कुणी पुन्हा म्हणत नाही.

शिंपला

कारखाने विद्यार्थ्यांना आत घेतात का? आम्ही दोन ठिकाणी विचारले होते, उत्तरच आले नाही.

टिपणवही

शिंपला, घेतात, पण मोघम पत्राला कुणी उत्तर देत नाही. किती जण येणार, काय पाहायचे आहे, किती वेळ लागेल आणि छायाचित्रे काढणार की नाही, हे चार मुद्दे पत्रात हवेत. माल पाठवण्याचा आठवडा टाळावा. २८ जणांना एकदम शिलाईच्या मार्गिकांमध्ये उभे करता येत नाही, म्हणून सातसातचे चार गट करावेत. भेटीत तागे तपासण्यापासून बांधणीपर्यंत मालाच्या क्रमानेच चालत जावे. कापडाचे थरावर थर अंथरणे, त्यावर मार्कर (सगळ्या तुकड्यांच्या मांडणीचा आराखडा) मांडणे, कटिंग, गठ्ठे बांधणे, शिलाई, तपासणी, इस्त्री, हा क्रम पायाखालून गेला की तो लक्षात राहतो. मार्करपाशी थोडे जास्त थांबा. तुकड्यांची मांडणी किती दाट बसली यावर कापडाची नासाडी आणि मालाची किंमत दोन्ही ठरतात, आणि संगणकशास्त्राच्या मुलांना ते कोडे सोडावेसे वाटणार नाही.

कवडसा

कारखान्याच्या भेटीबद्दल मला काही सांगायचे आहे आणि ते कुणाला गैरसोयीचे वाटले तरी चालेल. तिथे यंत्रे पाहायला जाऊ नका, माणसे काम कशी करतात ते पाहायला जा.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण वरच्या कपडे कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. त्याच्या शतकभर आधी, २५ मार्च १९११ रोजी, न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली तेव्हा बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते आणि १४६ जण गेले; त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, तुमच्या मंडळातल्या मुलींच्याच वयाच्या. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या आणि आगीच्या सुरक्षेबद्दल कायद्याने बंधनकारक करार झाला, तोही एवढी माणसे गेल्यानंतर.

म्हणून भेटीला जाताना प्रत्येकाने काही गोष्टी वहीत नोंदवाव्यात. बाहेर पडण्याच्या वाटा किती आहेत आणि त्यांच्यासमोर गठ्ठे रचून ठेवलेले आहेत का? कापड कापणाऱ्याच्या हातात जाळीचा पोलादी मोजा आहे का? उजेड आणि हवा कशी आहे? ज्या बाईकडे तुम्ही टक लावून पाहत आहात तिचे काम तुमच्यामुळे अडते आहे का? तिला न विचारता तिचे छायाचित्र काढू नका. ती प्रदर्शनाची वस्तू नाही. तुम्ही ज्या उद्योगात शिरू पाहत आहात त्यातली ती तुमची ज्येष्ठ सहकारी आहे.

आडवा_धागा

कवडसा यांच्या प्रतिसादाशी शब्दशः सहमत.

तिन्ही भेटी कामाच्या जागीच ठरण्याआधी संग्रहालयाचाही विचार व्हावा. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, पॅरिसचे पाले गालिएरा, न्यूयॉर्कमधील फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे संग्रहालय, १९७८ साली स्थापन झालेली क्योतो कॉस्च्युम इन्स्टिट्यूट ही मोठी नावे झाली. पण जुनी वस्त्रे जपणारे कुठलेही लहान संग्रहालय चालेल. वस्त्रांच्या दालनात गेल्यावर अंधुक वाटते, त्याचे कारण आधी सांगून ठेवा. नाजूक वस्त्रांवर साधारणपणे ५० लक्सइतकाच उजेड पडू देतात, कारण उजेडाने रेशमाची झालेली हानी कधीच भरून येत नाही. विनंती केल्यास काही ठिकाणी अभ्यासासाठी वस्त्र जवळून, आतल्या बाजूने पाहू देतात. आतली बाजू पाहणे हेच संग्रहालयाच्या भेटीचे फळ आहे. एखाद्या झग्याच्या आत दोनदा सैल केलेल्या शिवणी दिसल्या, की तो झगा कुणी तरी वर्षानुवर्षे वापरला, शरीर बदलले तसा बदलून घेतला, हे एका नजरेत कळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पॅरिसमध्ये झालेला एक प्रयोग तर तुमच्या मंडळाच्या फार उपयोगाचा आहे. कापड मिळेनासे झाले होते, तेव्हा तिथल्या फॅशनगृहांनी एकत्र येऊन तारेच्या सांगाड्याच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या २०० हून अधिक बाहुल्यांना आपले नवे पेहराव चढवले. 'तेआत्र द ला मोद' नावाने हे प्रदर्शन मार्च १९४५ मध्ये लूव्हरच्या इमारतीतील दालनात उघडले, त्यातून युद्धग्रस्तांसाठी निधी जमला आणि पुढे ते इतर देशांतही फिरले. त्या बाहुल्यांच्या कपड्यांना खरी काजे, खरी बटणे, अस्तर, सारे काही होते. त्या बाहुल्या आज अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मेरीहिल कला संग्रहालयात आहेत. ज्यांच्याकडे कापड कमी आणि शिकण्याची इच्छा भरपूर आहे, त्यांनी याहून चांगले उदाहरण शोधू नये.

रानवारा

विद्यार्थ्यांना मोठ्या शोमध्ये स्वयंसेवक म्हणून पाठवण्याचा विषय अजून निघालेला नाही, तो निघण्याआधीच माझा अनुभव सांगते. तृतीय वर्षाला असताना आम्हा सहा जणींना एका मोठ्या कार्यक्रमासाठी "उद्योगाची ओळख" म्हणून नेले गेले. दोन दिवस, रोज १४ तास, आम्ही खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या. एकही कपडा हातात घेतला नाही, एकाही तंत्रज्ञाशी बोललो नाही. मानधन नव्हतेच, परतीच्या वाहनाचीही सोय नव्हती, आणि रात्री उशिरा आम्ही स्वतःच्या खर्चाने घरी गेलो. माझ्या एका मैत्रिणीने त्यानंतर हे क्षेत्रच सोडले. तिची नजर आमच्या सगळ्यांत चांगली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

चांदणवेल, संयोजक म्हणून हे तुमच्या हातात आहे. काम काय, तास किती, देखरेख कोणाची, जेवण आणि प्रवास कोणाकडे, हे लिहून घेतल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. जे काम एरवी पगारी माणसाला द्यावे लागले असते, त्याला ओळखीचे नाव देऊन फुकट करून घेणे चूक आहे.

मोरपीस

रानवारा, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि वाचून त्रास झाला. तरीही तरुणांना शोचे दार बंद होऊ नये असे वाटते. १९९२ साली लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयातून बाहेर पडताना ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी दाखवलेला पदवीचा संपूर्ण संग्रह फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांनी विकत घेतला होता. विद्यार्थ्यांच्या शोमधून आयुष्य असे बदलू शकते.

मांजरपाट

मोरपीस, उदाहरण खरे आहे, फक्त त्याचा आधीचा भागही सांगायला हवा. मॅक्वीन १६ व्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावरील अँडरसन अँड शेपर्ड यांच्याकडे उमेदवारीला लागले होते. पुढे त्यांनी नाटकांचे कपडे शिवणाऱ्यांकडेही काम केले. १९९२ च्या त्या शोमध्ये जे दिसले, त्यामागे शिवणाच्या टेबलावर घालवलेली वर्षे होती. तुम्ही आणि मी एकाच गोष्टीची दोन टोके धरून बसलो आहोत असे मला आता वाटू लागले आहे.

पिंपळपान

मी चाकांची खुर्ची वापरते आणि महाविद्यालयात असताना आमच्या शोमध्ये मला प्रवेशद्वारावर तिकिटे तपासण्याचे काम दिले होते. कुणाचा हेतू वाईट नव्हता, मी रॅम्पवर किंवा पडद्यामागे काय करू शकेन याचा कुणी विचारच केला नव्हता.

बसलेल्या शरीराचा पॅटर्न वेगळा असतो. उभ्या माणसासाठी बेतलेली पँट बसल्यावर पाठीमागून खाली सरकते आणि पोटापाशी गोळा होते, म्हणून मागची उंची वाढवावी लागते आणि पुढची कमी करावी लागते. मागचे खिसे आणि जाड शिवणी तासन्‌तास बसणाऱ्याच्या त्वचेला इजा करू शकतात, तेव्हा त्या काढून टाकाव्या लागतात. जाकिटाची पाठ आखूड हवी, बाहीला चाक फिरवण्याइतकी मोकळीक हवी. तुमच्या मंडळाने एक पेहराव जरी अशा एखाद्या सहाध्यायीसोबत बसून, तिची मापे बसलेल्या अवस्थेत घेऊन बेतला, तर मांजरपाट म्हणतात तो सपाट चित्र आणि गोल माणूस यांतला तंटा सगळ्यांना लगेच समजेल. मात्र पेहराव शोमध्ये आणायचा तर तोच माणूस तो घालून यावा, आणि रंगमंचाला उतार असावा.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद मी मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. पिंपळपान, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आमच्यातली एक जण, जी आजवर फक्त जाहिरातीचे फलक करत असे, म्हणाली की तिला अशा पेहरावावर काम करायचे आहे आणि घालायचाही आहे. उताराची मागणी आम्ही लेखी दिली आहे.

बाहुल्यांची कल्पना सगळ्यांना आवडली. मांजरपाट, अशा लहान मापात काम केल्याने खरोखर शिकता येते, की ती केवळ शोभेची वस्तू होते?

मांजरपाट

उत्तम शिकता येते. मादलेन व्हिओने यांनी १९१२ साली पॅरिसमध्ये स्वतःचे फॅशनगृह उघडले. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके धरलेल्या, कापडाचा त्यांच्याइतका खोल अभ्यास क्वचितच कुणी केला असेल. त्या आपल्या रचना आधी लाकडी लहान पुतळ्यावर कापड लपेटून शोधत असत. अर्ध्या मापाच्या पुतळ्यावर लांबी-रुंदी दोन्ही निम्मी होते, म्हणजे कापड चौथा हिस्सा लागते, आणि चूक झाली तर पुन्हा करायला मन कचरत नाही. एकच सावधगिरी बाळगा. माप निम्मे केले तरी कापडाची जाडी निम्मी होत नाही, म्हणून मोठ्या कपड्यासाठी योजलेल्यापेक्षा पातळ, मऊ कापड घ्या, नाहीतर चुण्या ताठ उभ्या राहतील आणि तुमचा अंदाज चुकेल. एकच चौकोन आधी उभ्या धाग्यावर आणि मग उरेब धरून पुतळ्यावर टाकून बघा. कापड तेच असूनही त्याचे पडणे इतके बदलते, की "ते तसेच का पडते" या तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळेल.

चांदणवेल

तीन आठवड्यांनी परत येते आहे. पहिली भेट पॅटर्नच्या खोलीला, दुसरी कारखान्याला सातसातच्या चार गटांत, आणि तिसरी कापड-तपासणीच्या प्रयोगशाळेला, असे ठरले आहे. संग्रहालयाला आम्ही सुट्टीच्या दिवशी आपापले जाणार आहोत. शो होणार आहे, पण पाऊलवाट यांनी सांगितलेल्या वाटणीनुसार, आणि प्रवेशद्वारापाशी अर्ध्या मापाच्या बाहुल्यांची मांडणी असेल. बाहेरच्या कार्यक्रमाला स्वयंसेवक पाठवण्याची एक विनंती आली होती. रानवारा यांनी सांगितलेले मुद्दे आम्ही लेखी विचारले, त्यावर उत्तर आले नाही, म्हणून आम्ही नकार कळवला.

काल शर्ट उसवण्याची कार्यशाळा झाली. चार तास ठरवले होते, सात तास चालली. जिने मला "चालायला शिकले" असे सांगितले होते, तिला एका कफाच्या आतल्या पदराला चिकटलेला कागदाचा इवलासा चौकोन सापडला. त्यावर फक्त एक आकडा होता, ४७. कित्येक धुण्यांनंतरही तो दोन पदरांमध्ये तसाच राहिला होता. ती तो तळहातावर घेऊन प्रत्येकाला विचारत फिरली आणि आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. तो आकडा कशाचा असतो?

मांजरपाट

तो थराचा क्रमांक आहे. कटिंगच्या टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरून एकदम कापतात, आणि प्रत्येक थराच्या प्रत्येक तुकड्यावर त्या थराचा आकडा चिकटवतात. दोन ताग्यांच्या रंगात, कधी एकाच ताग्याच्या दोन टोकांच्या रंगातही, डोळ्यांना जेमतेम कळेल इतका फरक असतो. म्हणून ४७ व्या थराचा कफ ४७ व्या थराच्याच बाहीला लागला पाहिजे. शिलाईनंतर हे चौकोन काढून टाकतात. तुमच्या शर्टातला एक आत राहून गेला.

तिला सांगा, की तो चौकोन वहीत चिकटवून ठेव आणि कारखान्याच्या भेटीला जाताना सोबत घेऊन जा. कटिंगच्या टेबलाच्या टोकाला आकडे चिकटवणारे कुणी तरी बसलेले असेल. तिथे थांबून, काम अडणार नाही अशा वेळी, त्यांना तो दाखवावा.